वरण-भाताचा कागद

१९९८ साली मनावरला दवाखाना थाटला, तेव्हा माझ्या टेबलाच्या डाव्या खणात छापील कागदांचा एक गठ्ठा असे. ‘बाळाचा वरचा आहार’ असे त्याचे शीर्षक. पहिल्या आठवड्यात मुगाच्या डाळीचे पाणी, दुसऱ्यात गुरगुट्या भात, वरण आणि तुपाचे चार थेंब, पुढे रव्याची खीर, केळे, उकडलेला बटाटा, नाचणीचे सत्त्व. एम.डी.च्या काळात हा तक्ता मी स्वतःच्या हाताने तयार केला होता आणि त्याचा मला बराच अभिमान होता. मनावरला येताना तो हिंदीत छापून घेतला. या गावासाठी मी केलेली सोय म्हणजे एवढीच.

(डाळीच्या पाण्याविषयी इथेच सांगून टाकते. ते पाणीच असते. डाळ पातेल्यात राहते आणि ती घरातली मोठी माणसे खातात. हे समजायलाही मला काही वर्षे लागली. वरचे अन्न चौथ्या महिन्यापासून सुरू करावे की सहाव्या, हाही घोळ तेव्हा होता. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट शिफारस २००१ साली आली.)

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मान नदीपलीकडच्या एका भिल्ल वस्तीवरून दहा महिन्यांची एक मुलगी येऊ लागली. वजन साडेसहा किलो. जुलाब नाहीत, ताप नाही, आईचे दूध चालू. मी कागद दिला, वाचून दाखविला, आईने मान डोलावली. महिन्याने वजन तेवढेच. पुन्हा तोच कागद, पुन्हा मान डोलावणे. तिसऱ्या वेळीही काटा हलला नाही, तेव्हा मी त्या आईला चार माणसांदेखत बोलले. कोवळी, विशीतली पोर ती. खाली मान घालून ऐकत राहिली. सोबत आलेली आजी मात्र पुढे झाली आणि म्हणाली, “मेडम, चावल तो हमारे यहाँ त्योहार पे बनता है.”

“मग रोज काय शिजते?”

“मक्का की रोटी, राबड़ी.”

“राबड़ी इसको देते हो?”

“पहले देते थे. आपने तो लिखी नहीं, तो बंद कर दी.”

या वाक्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्या घराने माझे अक्षरशः ऐकले होते. घरात रोज शिजणारे अन्न कागदावर नाही म्हणून बंद केले होते, आणि कागदावरचे अन्न घरात नव्हते. मधल्या दोन महिन्यांत त्या मुलीच्या पोटात गेले ते आईचे दूध आणि डाळीचे पाणी. तिच्याआधी याच कागदासह मी किती मुले घरी पाठविली असतील, याचा हिशेब माझ्यापाशी नाही.

पुढच्या रविवारी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी त्या वस्तीवर गेले, ते राबडी शिकायला. आपल्याकडे राबडी म्हटले की आटविलेले दूध डोळ्यांसमोर येते. ही राबडी निराळी. मका जात्यावर जाडसर भरडायचा, पाखडायचा, भिजवायचा आणि ताकात मंद आचेवर तासन्‌तास शिजू द्यायचा. मडक्यात ती घट्ट होत जाते आणि आंबूस, खमंग असा एक वास झोपडीभर पसरतो. आजीने पळसाच्या द्रोणात मला वाढली, वर मीठ आणि लसणीची चटणी. मी दोनदा मागून घेतली. शिष्टाचार म्हणून नव्हे. सकाळपासून पोटात काही नव्हते आणि पदार्थ खरोखर चांगला होता.

घरी येऊन सासूबाईंना सारे सांगितले. सासूबाई मूळच्या धारच्या, जुन्या वळणाच्या. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कडक, पण चवीच्या बाबतीत अत्यंत उदार. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मका भरडून आणविला. पहिला प्रयोग लागला, दुसरा पांचट झाला, तिसरा जमला. मग आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून विचार करू लागलो. मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन कमी असते. लायसिनची उणीव डाळ भरून काढते, म्हणून मूठभर मुगाची डाळ भाजून, भरडून त्यात घालायची. शेंगदाणे तर निमाडात घरोघरी. त्यांचे बारीक कूट आणि एक चमचा तेल. बाळासाठी रात्रीची शिळी नको, ताजी शिजवलेली हवी. इथपर्यंत माझी विद्या चालली. अडले ते पुढे. राबडी घट्ट ठेवली तर बाळ गिळेना, पातळ केली तर पोट पाण्याने भरे आणि अन्न जेमतेम दोन चमचे जाई.

“सत्त्व टाकून पाहा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या अनुभवात नाचणीच्या मोडाचे सत्त्व पेजेत पडले की पेज सैल होते. हे ऐकून मला एकदम वाचनातले आठवले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नेमका हाच विषय अभ्यासला होता. मोड आलेल्या धान्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते पिठुळ पदार्थातील स्टार्चची साखळी तोडते. मोड आणून वाळविलेल्या गव्हाचे चमचाभर पीठ घट्ट, गरम लापशीत ढवळले की काही मिनिटांत ती ओघळू लागते. पाणी न वाढविता पातळ होते. आजीबाईंच्या बटव्यातील गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध झाली होती, मी ती परीक्षेपुरती वाचली होती आणि आमच्या स्वयंपाकघरात ती चाळीस वर्षे बरणीत भरलेली होती. पथ्य एकच, मोडाचे धान्य उन्हात वाळवून हलकेच भाजायचे. फार भाजले तर विकर मरते आणि नुसते खमंग पीठ उरते.

त्या मुलीच्या आईला आणि आजीला दवाखान्याच्या पडवीतच स्टोव्हवर हे करून दाखविले. आजीने सत्त्वाचा चमचा पडताच राबडी सैल होताना पाहिली आणि ती हसू लागली, जणू मी जादूचा खेळ केला. दोन महिन्यांनी वजन सात किलो चारशे ग्रॅम भरले. त्या दिवशी छापील गठ्ठा मी बंबात घातला.

बाळाने ती राबडी इतक्या सहज का स्वीकारली, याचे उत्तर पुढे मिळाले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी गरोदर आणि स्तनदा मातांना काही आठवडे गाजराचा रस पाजून पाहिला. २००१ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीची लापशी इतरांपेक्षा अधिक आनंदाने खाल्ली. आईच्या ताटातील चवी गर्भजलातून आणि दुधातून बाळापर्यंत आधीच पोहोचलेल्या असतात. निमाडातले मूल मक्याला जन्मापूर्वी ओळखत असते. परके असते ते माझे वरण. अर्थात परक्या चवीशीही ओळख होते, पण तिला वेळ द्यावा लागतो. एखादा नवा पदार्थ आठ-दहा वेळा समोर येईपर्यंत मूल तो नाकारू शकते. दोनदा थुंकले की “याला आवडत नाही” असा शिक्का मारणाऱ्या माता (आणि डॉक्टर माताही, मी स्वतः त्यांतली) फार घाई करतात.

माझ्या मुलाचेच उदाहरण घ्या. तो चार वर्षांचा होईपर्यंत वरण-भाताखेरीज कशाला हात लावीत नसे. त्याला सुधारले ते शेजारच्या पाटीदार भाभींच्या चुलीने. हिवाळ्यात त्यांच्या अंगणात दाल-पानिये होत. मक्याचे मळलेले पीठ पळसाच्या दोन पानांत दाबायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचे. काही ठिकाणी रुईची पाने घेतात. रुईच्या चिकाची धास्ती असल्यामुळे मी पळसावरच थांबले. पान सोलताना येणारा धूर आणि पानाच्या शिरांची भाकरीवर उमटलेली नक्षी पाहून आमच्या चिरंजीवांनी भूक आहे-नाहीचा विचार न करता तीन पानिये फस्त केले. भाभींनी आमच्याकडून पुरणपोळी नेली. त्यांची पुरणपोळी आता माझ्यापेक्षा मऊ होते आणि हे त्या मला दर होळीला ऐकवितात.

सासूबाईंच्या ‘रुचिरा’ची प्रत आजही माझ्याकडे आहे. कमलाबाई ओगले यांचे हे पुस्तक १९७०चे, आणि त्यातील वाटी-चमच्याच्या मापांनी किती नवविवाहितांना तारले ते सांगायला नको. आमच्या प्रतीच्या समासांत मात्र पेन्सिलीने दुसरेच पुस्तक लिहिलेले आहे : भुट्ट्याचा कीस, गराडू, अंबाडीची निमाडी भाजी, प्रत्येकापुढे कुणाच्या घरी खाल्ले त्याची नोंद. ही वही उघडली की मनावरचा निम्मा मोहल्ला दिसतो.

आपल्या धार जिल्ह्याला या गोष्टीची परंपराही मोठी आहे. मांडूचा सुलतान गियासशाह (१४६९ ते १५००) याच्यासाठी सिद्ध झालेला ‘निमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ त्याच्या मुलाच्या, नासिरशाहाच्या काळात पुरा झाला आणि आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. भरघोस मिशांचा सुलतान बसला आहे आणि स्त्रिया त्याच्यासमोर रांधत आहेत, अशी चित्रे त्यात आहेत. समोसे आहेत, खिचडी आहे, वडे आहेत. नाहीत त्या वस्तू मला अधिक बोलक्या वाटतात : त्यात मका नाही, मिरची नाही, बटाटा नाही, शेंगदाणा नाही. गियासशाहाच्याच कारकिर्दीत, १४९२ साली, कोलंबस अमेरिकेला पोहोचला आणि ही सारी पिके पुढच्या तीन-चारशे वर्षांत आपल्याकडे आली. आपली एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. टॅपिओका, शेंगदाणे, मिरची, बटाटा, चौघेही अमेरिकेचे. कुणा एका घरच्या बाईने हे पहिल्यांदा चाखून पाहिले असेल आणि शेजारणीला सांगितले असेल.

एक गोष्ट माझ्याकडूनही गेली, म्हणून नोंदविते. धार-झाबुआच्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइड आहे आणि लहान मुलांचे दात व हाडे त्याने बिघडतात. पहिला उपाय अर्थातच निर्धोक पाणी. पण आहारात कॅल्शियम हवे, हेही तितकेच खरे. झाबुआत या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी पावसाळ्यात उगवणाऱ्या पुवाडच्या पानांचा पुरस्कार केला, हे वाचले आणि मी उडालेच. पुवाड म्हणजे आपला टाकळा! देवासला आमच्या घरी रत्नागिरीची आजी पावसाळ्यात गवतातून तो वेचून आणी आणि डाळ, खोबरे घालून भाजी करी. बाकीची गल्ली आम्हाला हसे. ती भाजी मी पडवीत पाचसहा वेळा केली आहे. सगळ्यांना आवडली असे म्हणवत नाही.

२०२४च्या पावसाळ्यात एक तरुण आई आठ महिन्यांचा मुलगा घेऊन आली. बाळाच्या मुठीत पाच रुपयांचे नमकीनचे पाकीट होते. वजनाच्या तक्त्यावर खूण लाल पट्ट्याच्या काठावर. काय देता, विचारले तर बिस्किट, चहात बुडवून. बोलता बोलता वस्तीचे नाव निघाले, मग आजीचे, आणि मी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. साडेसहा किलोची ती मुलगी हीच.

“राबडी देत नाहीस?”

“वो तो दादी बनाती थी. अब कौन बनाए?” आजी कधीच गेली होती. पडवीत स्टोव्ह पेटवून मी मक्याचा भरडा, मुगाची डाळ, कूट, तेल असे तिच्यासमोर एकेक घालीत गेले. शेवटी सत्त्वाचा चमचा टाकला. राबडी सैल झाली तशी ती नवलाने पाहत राहिली, मग तिने बाळाला पहिला घास दिला. त्याने तोंड वाकडे केले. दुसरा मात्र गिळला.

“मेडम,” तिने विचारले, “ये आप मराठी लोगों में बनती है क्या?”