जागा मिळवणे आणि जागा राखणे: व्यावसायिक बास्केटबॉलविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

25 जून 2015. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या बार्कलेज सेंटरमध्ये एनबीएचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, सुरू होती. डॅलस मॅव्हरिक्स संघाने 52व्या क्रमांकावर नाव पुकारले: सतनाम सिंग भामरा. पंजाबातल्या बल्लो के या लहानशा गावातला, 7 फूट 2 इंच उंचीचा, 19 वर्षांचा मुलगा. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्या दिवशी देशभर आनंद झाला आणि तो रास्तच होता.

पुढची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. सतनाम एनबीएच्या मुख्य मोसमातला एकही सामना खेळला नाही. डॅलसशी संलग्न असलेल्या टेक्सास लेजंड्स या दुय्यम लीगमधल्या संघाकडून तो खेळला आणि काही वर्षांनी व्यावसायिक कुस्तीकडे वळला. यात त्याची मेहनत कमी पडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या वाटेने तो गेला त्या वाटेची आपल्याला असलेली कल्पनाच अपुरी होती. आज पुण्यात, नागपुरात, मुंबईत कितीतरी मुले-मुली पहाटे उठून कोर्टवर जातात. त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हा व्यवसाय आहे तसा पाहावा, म्हणून हा लेख.

गैरसमज 1: उंची असली की निम्मे काम झाले.

वस्तुस्थिती: बास्केटची कडी जमिनीपासून 10 फुटांवर असते. त्यामुळे उंचीचा फायदा खराच आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण उंचीमुळे प्रशिक्षकाची नजर तुमच्याकडे वळते, इतकेच. संघात टिकवतात ती पावले, हात आणि डोके.

मग्सी बोग्ज अवघा 5 फूट 3 इंचांचा होता. 1987च्या ड्राफ्टमध्ये तो 12व्या क्रमांकावर निवडला गेला आणि एनबीएत 14 मोसम खेळला. पहिल्या वर्षी वॉशिंग्टनच्या संघात त्याचा सहकारी होता 7 फूट 7 इंचांचा मनूट बोल. दोघांनाही आपापल्या कामामुळे जागा होती. बोग्ज चेंडू हातातून सुटू न देता वेगाने पुढे न्यायचा आणि नेमक्या क्षणी पास द्यायचा. बोल कडीजवळ प्रतिस्पर्ध्यांचे फटके अडवायचा.

उंच खेळाडूचे काम गेल्या दीड दशकात बदलले आहे, हेही समजून घ्यायला हवे. पूर्वी धिप्पाड सेंटर कडीखाली उभा राहून खेळू शकत असे. तीन गुणांच्या फटक्यांचे महत्त्व वाढले तसे सामने कडीपासून दूर, रेषेबाहेर खेळले जाऊ लागले. ज्या महिन्यात सतनामची निवड झाली, त्याच महिन्यात 6 फूट 2 इंचांच्या स्टीफन करीच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सने विजेतेपद मिळवले, तेही याच शैलीच्या जोरावर. आता उंच खेळाडूलाही रेषेबाहेर येऊन चपळ गार्डसमोर उभे राहावे लागते, पटापट बाजू बदलाव्या लागतात, दुरून फटका मारता यावा लागतो. 7 फुटांचा पण पायांनी संथ असलेला खेळाडू अशा खेळात उघडा पडतो.

म्हणून घरातले मूल उंच होत असेल तर त्याला फक्त कडीखाली उभे करू नका. ड्रिबल, पास, पावलांची हालचाल हे सगळे त्यालाही शिकवा. निकोला योकिच हा 6 फूट 11 इंचांचा सर्बियन खेळाडू फार उंच उडी मारत नाही की फार वेगाने धावत नाही. त्याची ख्याती त्याच्या पासमुळे आणि खेळ वाचण्याच्या क्षमतेमुळे आहे.

गैरसमज 2: ड्राफ्टमध्ये निवड झाली म्हणजे नोकरी पक्की.

वस्तुस्थिती: ड्राफ्टच्या दोन फेऱ्या असतात आणि त्यांत साधारण 60 खेळाडू निवडले जातात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूंच्या कराराची पहिली दोन वर्षे हमीची असतात; पुढची दोन वर्षे ठेवायचे की नाही हे संघ ठरवतो. दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला अशी आपोआप मिळणारी हमी नसते. त्याच्याशी करार करण्याचा हक्क संघाला मिळतो, करार होईलच असे नाही. सतनामची निवड दुसऱ्या फेरीतली होती.

जागांचा हिशेबही पाहा. एनबीएत 30 संघ आहेत आणि प्रत्येकात नियमित कराराचे जास्तीत जास्त 15 खेळाडू. म्हणजे साऱ्या जगासाठी 450 जागा. दरवर्षी जितके नवे संघात येतात, जवळपास तितक्याच जुन्यांना जागा सोडावी लागते.

ड्राफ्टमध्ये नाव न आल्याने दार कायमचे बंद होते, हेही तितकेच चुकीचे. बेन वॉलेसला 1996मध्ये कुणीही निवडले नव्हते. तो 2004मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सकडून विजेता ठरला आणि 2021मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. फ्रेड व्हॅनव्हलीटला 2016मध्ये कुणी निवडले नाही. तीन वर्षांनी तो टोरांटो रॅप्टर्सच्या विजेत्या संघात होता. योकिच स्वतः 2014मध्ये 41व्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत, निवडला गेला होता. पुढे तो तीनदा मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

गैरसमज 3: मायकल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढून टाकले होते.

वस्तुस्थिती: प्रेरणादायी भाषणांमध्ये ही कथा हमखास ऐकायला मिळते. प्रत्यक्षात 1978मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या लेनी हायस्कूलमध्ये, शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या दोन वर्षे आधी, जॉर्डनला मुख्य संघाऐवजी कनिष्ठ संघात ठेवले गेले. त्याची उंची तेव्हा 5 फूट 10 इंच होती. मुख्य संघात त्याच्याच वयाचा, पण 6 फूट 7 इंचांचा लिरॉय स्मिथ घेतला गेला, कारण संघाला उंच खेळाडू हवा होता. कनिष्ठ संघात जॉर्डन भरपूर खेळला आणि पुढच्याच वर्षी मुख्य संघात आला. मला ही खरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. चौदा-पंधराव्या वर्षी मुख्य संघाच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा कनिष्ठ संघात पूर्ण वेळ खेळायला मिळणे मुलाच्या जास्त कामी येते.

गैरसमज 4: एकदा एनबीएत पोचले की पंधरा-वीस वर्षे चिंता नाही.

वस्तुस्थिती: लेब्रॉन जेम्स 2003पासून खेळतो आहे, व्हिन्स कार्टर 1998 ते 2020 असे 22 मोसम खेळला. ही नावे डोळ्यांसमोर असल्याने आपला अंदाज चुकतो. एनबीएतली कारकीर्द सरासरीने साडेचार वर्षांच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. लीगचे निवृत्तिवेतन लागू व्हायला तीन वर्षांची सेवा लागते आणि तीही कितीतरी जणांच्या पदरात पडत नाही.

करारांचे प्रकार पाहिले की ही अनिश्चितता स्पष्ट होते. 5 जानेवारीपासून संघ खेळाडूला फक्त दहा दिवसांसाठी घेऊ शकतात. एकाच मोसमात एका खेळाडूला एका संघाकडून असे दोनच करार मिळू शकतात. त्यानंतर त्याला मोसम संपेपर्यंत ठेवायचे, नाहीतर सोडायचे. 2017पासून ‘टू-वे’ करारही आहे. त्यात खेळाडू एनबीए आणि तिची दुय्यम जी लीग यांच्यात ये-जा करतो आणि एनबीएचे ठरावीकच सामने खेळू शकतो.

भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू सिम भुल्लर याच वाटेने आला. कॅनडात वाढलेल्या, 7 फूट 5 इंचांच्या या पंजाबी मुलाला एप्रिल 2015मध्ये सॅक्रॅमेंटो किंग्जने दहा दिवसांचा करार दिला. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे तेव्हा या संघाचे प्रमुख मालक होते. भुल्लर तीन सामन्यांत काही मिनिटे खेळला. इतिहासात त्याची नोंद झाली, पण संघात कायमची जागा मिळाली नाही.

गैरसमज 5: जाहीर झालेला आकडा खेळाडूच्या खिशात जातो.

वस्तुस्थिती: बातमीत कराराची अनेक वर्षांची एकूण रक्कम दिलेली असते. तिच्यातून बरेच काही वजा होते. अमेरिकेत संघराज्याचा प्राप्तिकर वरच्या टप्प्यात 37 टक्के आहे. त्याशिवाय सामना ज्या राज्यात, तिथला करही बहुतेक ठिकाणी द्यावा लागतो. टेक्सास आणि फ्लोरिडासारख्या राज्यांत तो नाही. एजंटचे शुल्क 4 टक्क्यांपर्यंत असू शकते. पगाराचा 10 टक्के भाग लीग राखून ठेवते. लीगच्या उत्पन्नातला खेळाडूंचा ठरलेला वाटा, साधारण निम्मा, ओलांडला गेला तर ती रक्कम पूर्णपणे परत मिळत नाही.

‘एनबीएचे साठ टक्के खेळाडू निवृत्तीनंतर पाच वर्षांत कंगाल होतात’ हे वाक्यही सर्रास फिरते. 2009मध्ये एका अमेरिकी क्रीडा साप्ताहिकात छापून आलेला तो अंदाज होता. तो सिद्ध झालेला आकडा म्हणून सांगणे योग्य नाही. धोका मात्र खरा आहे. अँटवान वॉकरने कारकिर्दीत 10 कोटी डॉलरहून अधिक कमावले आणि 2006मध्ये मायामीकडून विजेतेपद मिळवले. 2010मध्ये त्याला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. स्थावर मालमत्तेतली गुंतवणूक बुडाली होती आणि आप्त-मित्रांवरचा खर्चही बेसुमार होता. पुढे तो तरुण खेळाडूंना पैशाचे नियोजन शिकवू लागला. ज्या व्यवसायात उत्पन्न चार-पाच वर्षांत गोळा होते आणि खर्च चाळीस-पन्नास वर्षे पुरवायचा असतो, तिथे हिशेब हेही खेळाइतकेच शिकण्याचे कौशल्य आहे.

गैरसमज 6: काम म्हणजे 48 मिनिटांचा सामना, बाकी आराम.

वस्तुस्थिती: ऑक्टोबर ते एप्रिल या सहा महिन्यांत 82 सामने होतात, त्यांतले निम्मे परगावी. कधी लागोपाठ दोन रात्री दोन शहरांत खेळावे लागते. सामन्याच्या दिवशीही हलका सराव, प्रतिस्पर्ध्यांचे व्हिडिओ पाहणे, फिजिओकडचे उपचार, आहार आणि झोप यांचे वेळापत्रक बांधलेले असते.

शरीर हेच भांडवल असल्याने एक चुकीचे पाऊल सगळे बदलू शकते. डेरिक रोज 2011मध्ये 22व्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला. इतक्या लहान वयात हा मान कुणालाच मिळालेला नाही. 28 एप्रिल 2012 रोजी त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि पुढचा पूर्ण मोसम हुकला. तो परत आला, बरीच वर्षे खेळला, पण आधीची उसळी परत आली नाही. आपल्याकडे शाळकरी मुले सिमेंटच्या कोर्टवर, वॉर्म-अप न करता, दुखत असताना खेळतात आणि त्याला जिद्द म्हटले जाते. गुडघा दुखत असेल तर थांबणे आणि डॉक्टरांना दाखवणे हा व्यावसायिक शिस्तीचाच भाग आहे.

गैरसमज 7: शिक्षण आणि बास्केटबॉल एकत्र जमत नाही.

वस्तुस्थिती: टिम डंकनने लवकर व्यावसायिक होण्याची संधी असताना वेक फॉरेस्ट विद्यापीठात चारही वर्षे पूर्ण केली. पदवी घेण्याचे वचन त्याने आईला दिले होते; ती त्याच्या लहानपणीच कर्करोगाने गेली होती. पदवी घेऊन तो 1997च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे पाच विजेतेपदांचा मानकरी ठरला. शकील ओनील शिक्षण अर्धवट ठेवून एनबीएत गेला होता, पण त्याने 2000मध्ये पदवी आणि 2012मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रत्येकाची वाट अशी असेल असे नाही. पण पुस्तक मिटल्याने कारकीर्द वाढत नाही, हे नक्की.

गैरसमज 8: एनबीए नाही, तर काहीच नाही.

वस्तुस्थिती: युरोपातली युरोलीग आहे, शिवाय स्पेन, तुर्कस्तान, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया इथे व्यावसायिक लीग आहेत आणि हजारो खेळाडू त्यांवर घर चालवतात. लुका डोन्चिच सोळाव्या वर्षी रेआल माद्रिदच्या मुख्य संघातून खेळला आणि 19व्या वर्षी युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू होऊन मग अमेरिकेत गेला. उलट स्टीफन मारबरी एनबीएतून चीनमध्ये गेला, बीजिंगला तीन विजेतेपदे मिळवून दिली आणि तिथे त्याचा पुतळा उभारला गेला.

महिलांसाठी ही गोष्ट निवडीची कमी आणि गरजेची जास्त होती. डायना टोरासी या अमेरिकेच्या आघाडीच्या खेळाडूने डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या लीगचा 2015चा मोसम सोडला, कारण रशियातला तिचा क्लब विश्रांतीसाठीही तिला अमेरिकी पगारापेक्षा अधिक द्यायला तयार होता. 2024मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या केटलिन क्लार्कचा पहिल्या वर्षाचा मूळ पगार सुमारे 76 हजार डॉलर होता. एनबीएतल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलाला मिळणाऱ्या कोटींच्या घरातल्या रकमेशी तुलना केली की ही दरी दिसते.

भारतात चित्र वेगळे आहे. इथे अनेक दशके खेळाडूला आधार दिला तो रेल्वे, सेनादले, बँका आणि सरकारी कंपन्यांमधल्या क्रीडा कोट्यातील नोकऱ्यांनी. मुंबईच्या नागपाड्याने या खेळाला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले. तिथलेच अब्बास मुन्तासिर भारताचे कर्णधार झाले आणि 1970च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. 2017मध्ये बंगळुरूत आशिया चषकाच्या ब गटातल्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी कझाकस्तानला 75-73 असे हरवले, तेव्हा पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. ही कारकीर्द लहान मानू नये. तिच्यात देशाचा गणवेश आहे, महिन्याचा पगार आहे आणि खेळ थांबल्यावरही उरणारी नोकरी आहे.

शेवटी एक उदाहरण

उडोनिस हॅसलम 2002च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. तो फ्रान्समध्ये एका छोट्या शहराच्या क्लबकडून एक वर्ष खेळला आणि वाढलेले वजन उतरवले. मग मायामी हीटमध्ये आला आणि त्याच एका संघात 20 मोसम राहिला. त्याच्या नावावर तीन विजेतेपदे आहेत. संघातला सर्वांत मोठा तारा तो कधीच नव्हता. रिबाउंड घेणे, अंगावर धक्के झेलणे, शेवटच्या वर्षांत बाकावर बसून तरुणांना सांभाळणे हे त्याचे काम होते. 2024मध्ये मायामीने त्याची 40 क्रमांकाची जर्सी कायमची छताला टांगली.

मुलाला किंवा मुलीला पहाटे कोर्टवर सोडताना ‘हा एनबीएत जाईल का’ या प्रश्नाचे उत्तर कुणी देऊ शकत नाही. त्याऐवजी दर मोसमाला विचारता येईल असा एक प्रश्न आहे: या संघाला आपल्या मुलाचे कोणते काम हवेहवेसे वाटते? हॅसलमला त्याचे उत्तर वीस वर्षे दरवर्षी नव्याने द्यावे लागले.