अकरावीला हात कशाला लागतात?

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आणि कटऑफची चर्चा तालुक्या-तालुक्यात पोचली. प्रवेश कुठे मिळाला, हे शेजारीही विचारतात. मिळाल्यावर पोरं दोन वर्षं तिथे करतात काय, हे कुणी विचारत नाही. बहुतेकांचं नाव कॉलेजात असतं आणि पाय क्लासमध्ये.

कागदोपत्री हातांनी काम करायची सोय आहे म्हणा. राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) दोन वर्षांत २४० तास काम, शिवाय सात दिवसांचं शिबिर. पण शिबिर म्हणजे बहुधा प्रभातफेरी, रस्ता झाडणं आणि समारोपाचं भाषण. पर्यावरणाचा प्रकल्प तर झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो.

हातांनी खरं काम करण्याचा विषय निघाला की मला पाबळच आठवतं. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात गेले आणि १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. कल्पना अशी: शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचं, म्हणजे शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य. खरी मेख पुढे आहे. काम सरावापुरतं नको, गावाला लागणारं हवं. आश्रमातली पोरं जमिनीत सळया रोवून विद्युतरोध मोजत आणि त्यावरून विहिरीची जागा सुचवत. अंदाज चुकला तर गुण कापले जाऊन भागत नाही. शेतकऱ्याचे पैसे खड्ड्यात जातात.

साधं माती परीक्षण घ्या. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती चालत नाही. वावरात ठिकठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, कडेची माती खरवडायची, घमेल्यात मिसळायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. नमुना चुकला तर प्रयोगशाळेतला पीएच कितीही अचूक असो, शेतकऱ्याला तो निरुपयोगी. बारावीच्या रसायनशास्त्रात ही अक्कल कोण देतं?

पाबळचा शाळांमधला अभ्यासक्रम दहावीला संपतो. म्हणजे पोरांच्या हाताला वळण लागतं, डोकं हिशेब करू लागतं, नेमकं तेव्हाच आपण त्यांना एमसीक्यूच्या घाण्याला जुंपतो. नव्या शैक्षणिक धोरणातली अनुभवाधारित शिक्षणाची भाषा वाचून म्हणूनच मला फार हुरळून जावंसं वाटत नाही. त्यापेक्षा मंडळाने एकच नियम करावा: ज्याच्यासाठी काम केलं, त्या शेतकऱ्याची किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीची सही असल्याशिवाय प्रकल्पवही तपासायची नाही. झेरॉक्सवाल्याचा धंदा तरी बसेल.