कानातली शिट्टी किती मोठी?

ऐकण्याची गोष्ट : लेखांक 6

मागच्या आठवड्यात आपण अंतर्कर्णातल्या केशपेशींपर्यंत आलो होतो. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानात सतत शिट्टी, रातकिडे किंवा सूं-सूं ऐकू येण्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशांच्या पुढ्यात नाचून घरी येऊन पाठ टेकली की कानात जे किर्र वाजत राहतं, ते याचंच तात्पुरतं रूप. बहुतेकांचं दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरतं. काहींचं ओसरत नाही.

बाहेर कुणालाच ऐकू न येणारा हा आवाज किती मोठा असतो? त्याचा अंदाज घेता येतो. ऑडिओलॉजिस्ट आवाजबंद खोलीत रुग्णाच्या कानाला हेडफोन लावून एकेक सूर ऐकवत जातो. ‘असा? की याहून बारीक?’ बहुधा उंच पट्टीतला एखादा सूर जुळतो. पुष्कळदा नेमक्या त्याच पट्टीत ऐकणं कमी झालेलं असतं. मग तो सूर हळूहळू वाढवतात. रुग्ण सांगत आलेला असतो, ‘डॉक्टर, डोक्यात पिठाची गिरणी चालू आहे.’ आणि सूर जेमतेम ऐकू येऊ लागला, त्याच्यावर पाच-दहा डेसिबल गेला, की तोच म्हणतो, ‘हां, एवढाच.’

यात रुग्ण खोटं बोलत नसतो, की तिळाचा ताडही करत नसतो. मोजमाप तेवढंच भरलेल्या दोघांपैकी एक जण डाराडूर झोपतो आणि दुसरा रात्र रात्र येरझाऱ्या घालतो. त्रासाचं माप डेसिबलमध्ये निघत नाही.

मुळात आवाज कानात नसतोच म्हटलं तरी चालेल. ट्यूमर काढताना ज्यांची श्रवणाची नस कापावी लागली, त्यांच्यातल्या अनेकांना नंतरही त्या बाजूला गुणगुण ऐकू येत राहिली. कानाकडून येणारे संदेश आटले की मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि मज्जापेशींची एरवीची खुडबुडही त्याला आवाज वाटू लागते, असं आजचं प्रमुख स्पष्टीकरण आहे. लंडनच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 18 धडधाकट कानांच्या माणसांनी एका कानात आठवडाभर बोळा घातला. बहुतेकांना कसला ना कसला आवाज ऐकू येऊ लागला. बोळा काढल्यावर तो गेला. त्याआधी 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटं बसवलं, तर नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी आवाज ऐकल्याचं सांगितलं. थोडक्यात, कच्चा माल जवळजवळ सगळ्यांच्याच डोक्यात आहे.

मग काहींनाच तो छळतो का? पॉवेल यास्त्रेबॉफ यांनी 1990 मध्ये मांडलेलं उत्तर असं, की आवाजाला मेंदू कोणता अर्थ चिकटवतो यावर सगळं अवलंबून असतं. ‘धोका’ हा शिक्का बसला की भावनांची केंद्रं जागी होतात, छाती धडधडते, लक्ष पुन्हा आवाजाकडे, आणि चक्र सुरू. आपल्याकडची जुनी पुस्तकं इथे मजेशीर साक्ष देतात. आयुर्वेदाने कर्णनाद हा रोग मानला आणि त्यात भेरी, मृदंग, शंख यांसारखे आवाज ऐकू येतात असं म्हटलं. नाथपरंपरेतल्या हठप्रदीपिकेत नादाकडे कान लावून बसलेल्या साधकाला ऐकू येणाऱ्या आवाजांची यादी आहे. तिच्यातही भेरी आहे, शंख आहे. दोन्ही अनुभव एकच, असा दावा मी करणार नाही. पण वैद्याकडे गेलेला माणूस धास्तावलेला असतो आणि साधक त्याच जातीच्या आवाजाची वाट पाहत असतो, हा फरक लहान नव्हे.

म्हणूनच ‘याला काही इलाज नाही, सवय करून घ्या’ असं तुटकपणे सांगून रुग्णाला वाटेला लावणं मला अपायकारक वाटतं. भीती तिथेच पक्की होते. आवाज पूर्ण घालवणारी खात्रीची गोळी आज नाही, हे खरं. पण ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्राने अनेकांना आराम पडतो, रात्री पंख्याचा किंवा पावसाचा मंद आवाज सोबतीला ठेवता येतो, आणि विचार-वर्तन उपचारपद्धतीने त्रास कमी होतो याला बऱ्यापैकी पुरावा आहे. आवाज असतो, पण दिवसातले तासन् तास त्याची आठवणच येत नाही, असं सांगणारे रुग्ण पुष्कळ भेटतात.

दोन गोष्टींत मात्र थांबू नये. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं आणि सोबत शिट्टी सुरू झाली, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. उपचारात दिवस महत्त्वाचे असतात. आणि आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धप्-धप् येत असेल, तर तो खरोखरच शरीरात, रक्तवाहिनीत उमटत असू शकतो, कधी तर डॉक्टरांना स्टेथोस्कोपनेही ऐकू येतो. त्याची तपासणी वेगळी. तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.