फौजी आश्रमात राहायला गेला म्हणजे परावलंबी झाला का? खडकीचं उदाहरण समजून घ्या

माझे चुलते नाना ७१ च्या लढाईच्या वेळी फौजेत होते. काकी गेल्यावर दोन वर्षं एकटेच राहिले, दोन्ही पोरं चाकणला कंपनीत. मागच्या वर्षी नाना पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेले आणि आमच्या पारावर चर्चा सुरू झाली. "बॉर्डर सांभाळलेल्या माणसाला पोरांनी आश्रमात टाकलं." नानांना हे कळलं तेव्हा ते फोनवर माझ्यावरच चिडले. "टाकलं कुणी? माझ्या पायाने आलोय आणि पैसे माझे मी भरतो."

आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात माजी सैनिक आहेत, म्हणून हा विषय नीट समजून घेऊ. आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही, पुण्यात खडकीलाच जाऊ.

खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला गोळी, स्फोटाचा तुकडा किंवा अपघाताचा मार बसून कमरेखालचं, काहींचं तर मानेखालचं अंग लुळं पडलेल्या जवानांसाठी हे १९७४ साली सुरू झालं. ६५ आणि ७१ ची युद्धं तेव्हा ताजी होती. असंच एक केंद्र पंजाबात मोहालीला आहे. खडकीतच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. ती संस्था त्याहून जुनी, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी शिपायांना हातात धंदा द्यायला १९१७ साली मुंबईत निघाली आणि नंतर खडकीला आली. म्हणजे फौजेतून जखमी होऊन आलेल्या माणसाला नुसतं खाटेवर ठेवायचं नाही, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षांपेक्षा जुना आहे.

पॅराप्लेजिक सेंटरला लोक वृद्धाश्रम समजतात. तसं ते नाही. काही जण शिकून घरी परततात, काही जण वर्षानुवर्षं तिथेच राहतात आणि तिथेच म्हातारे होतात. तिथले जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, स्पर्धांना जातात. ज्यांचे हातही चालत नाहीत, त्यांच्यातले काही तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. पेपरात फोटो येतात ते याचेच. पण स्वावलंबन म्हणजे फक्त तेवढंच नाही. खरं स्वावलंबन फोटोत दिसत नाही.

कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाचा पहिला शत्रू म्हणजे बेडसोर, एका जागी दाबून पडणाऱ्या जखमा. आपण झोपेत आपोआप कूस बदलतो, त्याला दुखतच नाही म्हणून तो बदलत नाही. म्हणून रात्री साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलायचं. पाठीमागची कातडी आरसा धरून रोज बघायची. आंघोळीचं पाणी आधी हाताने तपासायचं, कारण पाय भाजले तरी कळत नाही. लघवी ठरलेल्या वेळी नळी घालून स्वतः काढायची. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासात दुसऱ्याने न उचलता जायचं. हे शिकायला महिनोन् महिने लागतात, दंडात ताकद लागते. पण एकदा जमलं की सकाळी उठल्यावर कुणाला हाक मारावी लागत नाही. तरणाबांड असताना जखमी झालेल्या माणसाला याची किंमत काय असेल ते त्यालाच माहीत.

मुरलीकांत पेटकर हे नाव 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे आता सगळ्यांना माहीत झालंय. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. फौजेत बॉक्सिंग खेळायचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पाय गेले. पोहायला लागले ते उपचार म्हणून. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेतलं. २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली, संसार केला.

सगळेच पेटकर होत नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. लंडनमध्ये रॉयल हॉस्पिटल चेल्सी नावाची जागा आहे, १६८२ साली राजाने म्हाताऱ्या शिपायांसाठी सुरू केलेली. लाल कोटातले आजोबा टीव्हीवर पाहिले असतील, ते तिथलेच. तिथे पूर्वी नऊ फुटांच्या खोपटात प्रत्येकाला राहावं लागायचं. अलीकडे दुरुस्ती करून प्रत्येकाला स्वतःचं बाथरूम आणि बसायची जागा दिली, ते काम २०१५ साली पूर्ण झालं. एवढ्या जुन्या संस्थेलाही म्हाताऱ्याला स्वतःचं दार लागतं हे कळायला वेळ लागला, मग आपल्याकडच्या आश्रमांना काय बोलणार.

आता नानांकडे येतो. त्यांच्या आश्रमात रात्री नऊला मोबाईल ऑफिसात जमा करायचा नियम होता. नानांनी ऐकलं नाही. "फौजेत ऑर्डर पाळली, ती कशासाठी आहे ते माहीत होतं. ही कशासाठी?" शेवटी व्यवस्थापकांनी नियम मागे घेतला. म्हणून कुणाला आश्रम बघायला जायचं असेल तर जेवणात काय असतं एवढंच विचारून येऊ नका. खोलीला आतून कडी आहे का? बाहेर जायला कुणाची परवानगी लागते? औषधं कोण ठेवतं? संडासात धरायला दांडी आहे का? आणि ज्याला राहायचंय त्याला बरोबर न्या. आमच्याकडे बहुतेक वेळा पोरगा आणि सून जाऊन बघून येतात.

पैशाचं सांगताना मलाच लाज वाटते. पहिले चार महिने नानांचं एटीएम कार्ड आमच्याच घरी होतं. "तुम्हाला कशाला त्रास" असं म्हणून ठेवलेलं. नानांना चहा प्यायचा तरी पुतण्याला फोन. पेन्शन माणसाची, कार्ड घरच्यांकडे, मग त्याला स्वावलंबी कसं म्हणायचं? कार्ड परत दिलं. हयातीचा दाखला आता जीवन प्रमाणवर मोबाईलसमोर चेहरा दाखवून देता येतो, पोस्टमन घरी येऊनही काढून देतो. त्यासाठी म्हाताऱ्याला रिक्षात घालून बँकेत न्यायची गरज राहिलेली नाही. शंभर टक्के अपंगत्व असेल आणि मेडिकल बोर्डाने शिफारस केली असेल तर सांभाळणाऱ्या माणसासाठी पेन्शनसोबत वेगळा भत्ता मिळतो. तो लागू आहे का ते कागदावर बघून घ्या.

ज्यांना पेन्शनच नाही असेही फौजी गावोगाव आहेत, थोडी वर्षं नोकरी करून आलेले. हवालदार किंवा त्याखालच्या रँकचे, वय ६५ च्या पुढे, दुसरं उत्पन्न नाही, अशांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिन्याला मदत मिळते. ती ४,००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झाली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. डिस्चार्ज बुक जपून ठेवा, सगळं त्याच्यावर आहे.

जमिनीचंही सांगून टाकतो. आश्रमात गेला म्हणजे सातबाऱ्यावरचा हक्क गेला असं होत नाही. सांभाळण्याच्या अटीवर जमीन पोरांच्या नावे करून दिली आणि पोरांनी सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करायला मागता येतं. अर्ज प्रांत कार्यालयात. मात्र ती अट कागदात लिहिलेली असलेली बरी, तोंडी बोलणं सिद्ध करताना दमछाक होते.

आणि घरी सुट्टीला येणाऱ्या फौजीसाठी आपला उंबरा बघा. व्हीलचेअरला एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपला ओटा दीड फूट उंच असेल तर अठरा फूट. दार तीन फूट रुंद हवं. नानांचे गुडघे आता बोलायला लागलेत, वॉकर घेतलाय. यात्रेला येणार म्हणालेत. आम्ही ओट्याला उतार करायला घेतला आहे, अंगणात वळवून घ्यावा लागला कारण सरळ अठरा फूट जागाच नाही. संडासाचं दार मात्र अजून अडीच फुटाचंच आहे, गवंडी सोमवारी येतो म्हणालाय.