पेशंट तोच, सही कोणाची?

न्यूझीलंडमध्ये डॉक्टर नसूनही पेशंट तपासणारे आणि उपचार ठरवणारे दोन व्यवसाय आहेत, नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असोसिएट. मुलाचा दुखरा कान असो की म्हाताऱ्या माणसाचा वाढलेला रक्तदाब, दवाखान्यातले दोघांचे काम पुष्कळसे सारखे दिसते. फरक जबाबदारीत आहे. नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या नोंदणीवर काम करते, तर फिजिशियन असोसिएट डॉक्टरच्या देखरेखीखाली. दोघांमधल्या चुरशीचे मूळ या फरकात आहे.

ऑकलंडच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या पुकेकोहेसारख्या गावात हा प्रश्न व्यवहाराचा होतो. कांद्या-बटाट्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव आरोग्यसेवेच्या दृष्टीने काउंटीज मानुकाऊ जिल्ह्यात मोडते. गावात छोटे रुग्णालय आहे. पण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आणि तातडीच्या उपचारांसाठी मिडलमोर हॉस्पिटल गाठावे लागते. बाकी सगळा भार जीपींवर, म्हणजे गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यांवर. न्यूझीलंडमध्ये रहिवासी एखाद्या दवाखान्यात नाव नोंदवतो, नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर सरकार दवाखान्याला पैसे देते आणि भेटीची काही फी पेशंटही भरतो. देशभर जीपींचा तुटवडा असल्याने अनेक दवाखान्यांनी नवी नोंदणी थांबवली आहे. ही पोकळी कोणी भरायची, यावर दोन्ही व्यवसायांचा दावा आहे.

दोन्ही व्यवसाय अमेरिकेत एकाच वर्षी, १९६५ मध्ये सुरू झाले. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी परिचारिकांसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम आखला. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून बाहेर पडलेल्या चार वैद्यकीय सहायकांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचे (फिजिशियन असोसिएटचे हे जुने नाव) शिक्षण सुरू केले. त्यांपैकी तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. त्याआधी स्टेड यांनी थेल्मा इंगल्स या नर्सिंगच्या शिक्षिकेसह परिचारिकांनाच प्रगत वैद्यकीय शिक्षण देण्याचा प्रयत्न केला होता. परंतु नॅशनल लीग फॉर नर्सिंग या संस्थेने त्या अभ्यासक्रमाला मान्यता नाकारली आणि स्टेड सैनिकी सहायकांकडे वळले. म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली घडणारा वेगळा व्यवसाय उभा राहण्यात नर्सिंगच्या नकाराचाही वाटा होता.

पुढे दोघांची वाट वेगळी झाली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या करारावाचून काम करण्याची मुभा दिली. अशा राज्यांत तिला नोकरीवर ठेवणे मालकाला सोपे जाते, कारण देखरेखीची कागदपत्रे लागत नाहीत. मग फिजिशियन असिस्टंटही देखरेखीच्या अटी सैल करण्याची मागणी करू लागले. २०२१ मध्ये त्यांच्या अमेरिकी संघटनेने व्यवसायाचे नावही बदलून ‘फिजिशियन असोसिएट’ केले. नोकरीच्या बाजारात एकाचा हक्क वाढला, की दुसराही तोच हक्क मागू लागतो.

न्यूझीलंडमध्ये नर्स प्रॅक्टिशनर आधी रुजली. देशातली पहिली नर्स प्रॅक्टिशनर, डेबोरा हॅरिस, २००१ मध्ये नोंदली गेली. त्यांचे क्षेत्र नवजात बालकांची शुश्रूषा हे होते. आरोग्य व्यावसायिकांच्या २००३ च्या कायद्याने हे काम नर्सिंग कौन्सिलच्या अखत्यारीत पक्के झाले. या पदासाठी नोंदणीकृत परिचारिका असणे, अनेक वर्षांचा अनुभव आणि क्लिनिकल पदव्युत्तर पदवी लागते. औषधे लिहून देण्याचा हक्क सुरुवातीला ठरावीक यादीपुरता होता. २०१४ पासून मात्र नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टर, दंतवैद्य आणि सुईणी यांच्याप्रमाणे कायद्याने अधिकृत प्रिस्क्रायबर झाली. २०१८ पासून मृत्यूच्या दाखल्यासारखी, पूर्वी फक्त डॉक्टरांसाठी राखीव असलेली कागदपत्रेही तिच्या सहीने होऊ लागली.

फिजिशियन असोसिएट आला तो बाहेरून. देशात त्याचे शिक्षण देणारा अभ्यासक्रमच नव्हता. हेल्थ वर्कफोर्स न्यूझीलंड या सरकारी यंत्रणेने अमेरिकेत शिकलेल्या दोघांना मिडलमोरच्या शस्त्रक्रिया विभागात आणून पहिला प्रयोग केला. म्हणजे पुकेकोहेचे पेशंट जिथे पाठवले जातात, त्याच हॉस्पिटलात. नंतरच्या टप्प्यात हॅमिल्टन, टोकोरोआ आणि गोर इथे हे लोक नेमले गेले. अनुभव बरा होता, पण नोंदणी नव्हती. त्यामुळे पेशंट त्यांनी तपासला, तरी चिठ्ठीवर सही डॉक्टरची. दवाखान्याच्या मालकाच्या नजरेतून पाहिले, तर नर्स प्रॅक्टिशनरने स्वतंत्र खोली सांभाळली की एक डॉक्टर मोकळा होतो. फिजिशियन असोसिएट नेमला, तर डॉक्टरचा थोडा वेळ देखरेखीत जातोच.

एप्रिल २०२५ मध्ये आरोग्यमंत्री सिमियन ब्राउन यांनी या व्यवसायाला कायद्याच्या चौकटीत आणून त्याचे नियमन मेडिकल कौन्सिलकडे सोपवण्याची घोषणा केली. तेव्हा देशात असे काम करणारे सुमारे पन्नास जण होते. परिचारिका आणि डॉक्टर, दोघांच्या संघटनांनी विरोध केला. परिचारिकांचे म्हणणे असे, की स्वतंत्रपणे काम करू शकणारी नर्स प्रॅक्टिशनर देशातच तयार होते. तिच्या शिक्षणाला आणि जागांना पैसा देण्याऐवजी परदेशातून दुसरा व्यवसाय कशाला आणायचा? समर्थकांचे उत्तर असे, की नर्स प्रॅक्टिशनर घडवण्यासाठी अनुभवी परिचारिका काढून घेतल्या तर वॉर्ड रिकामे होतात. फिजिशियन असोसिएट नर्सिंगचे मनुष्यबळ कमी न करता नवे हात आणतो. नोंदणी नसताना तो काम करतच होता, तर नियम लावणेच पेशंटच्या हिताचे, असेही ते म्हणतात.

दोन्ही बाजू पेशंटच्या सुरक्षिततेचा दाखला देतात. परिचारिकांच्या बाजूला पुरावा जुना आहे. प्राथमिक सेवेत डॉक्टरऐवजी प्रशिक्षित परिचारिकांनी पेशंट पाहिल्यास परिणाम तोडीस तोड किंवा काही बाबतींत सरस असतात, मात्र तपासणीला वेळ जास्त लागतो, असे २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ मध्ये आलेल्या लेंग अहवालाने फिजिशियन असोसिएटचे नाव पुन्हा ‘असिस्टंट’ करावे आणि आजाराचे निदान न झालेला पेशंट ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर त्याने पाहू नये, अशी शिफारस केली. न्यूझीलंडमधल्या विरोधकांच्या शंकाही याच धर्तीच्या आहेत.

भारतात हे दोन्ही प्रवाह आहेत. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ मध्ये फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण सुरू केले आणि २०२१ च्या आरोग्य-सहायक व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात फिजिशियन असोसिएटला स्थान मिळाले. इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता आणि प्रसूतिसेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम आखले आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना उपचाराचा मर्यादित परवाना देण्याच्या तरतुदीला डॉक्टरांच्या संघटनेने मोठा विरोध केला होता. इथेही वाद त्याच अधिकाराभोवती फिरतो. पेशंट तपासायला हात कमी पडतात हे सगळ्यांना मान्य आहे; पण चिठ्ठीवर सही कोणी करायची आणि चूक झाल्यास जाब कोणी द्यायचा, हे कायद्याने ठरेपर्यंत दोन्ही व्यवसाय एकमेकांकडे प्रतिस्पर्धी म्हणूनच पाहतात.