वेळापूरचा अर्धनारीनटेश्वर व मिसर देशांतील प्ताह

माळशिरस तालुक्यांतील वेळापूर येथें अर्धनारीनटेश्वराचें यादवकालीन देवालय आहे. रामचंद्रदेव यादवाच्या कारकीर्दींतील मराठी शिलालेखांमुळें हें स्थळ संशोधकांस सुपरिचितच आहे. जगाचें मूळ एक असून पितृत्व व मातृत्व हीं त्याचींच अंगें होत, हें तत्त्व या देवाच्या नांवांतच सांठविलेलें आहे.

हेंच तत्त्व मिसर देशांतील एका शिलालेखांतहि आढळतें. इ. स. पूर्वी ७१० च्या सुमारास शबाक राजानें तो कोरविला. मूळ ग्रंथ किडीनें खाल्ला म्हणून तो पाषाणावर उतरविला, असें लेखांतच म्हटलें आहे. पुढें शिळा अन्य कामीं लागल्यानें मधला बराच मजकूर झिजला, इ. स. १८०५ पासून ती ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. लेखांत प्ताह देवास आतुम देवाचा पिता व माता अशीं दोन्ही पदें दिलीं आहेत. हृदयांतील संकल्प जिव्हेनें उच्चारला जाऊन सृष्टि झाली, हा त्यांतील विचार वाचतांना शब्दब्रह्माचें स्मरण होतें.

परंतु साम्य म्हणजे संबंध नव्हे. एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें ठरविण्यास स्वतंत्र पुरावा पाहिजे. शिवाय हा ग्रंथ प्रथम अतिप्राचीन मानला गेला होता. युंगे या जर्मन पंडितानें १९७३ सालीं तें मत खोडून त्याचा काळ पुष्कळ अलीकडे आणिला. म्हणून नकलेंतील प्राचीनतेचा दावा तपासल्यावांचून स्वीकारूं नये. तत्त्वाचें मोल मात्र त्यामुळें उणें होत नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, जीर्ण पोथीची नक्कल करतांना गळालेल्या अक्षरांची जागा रिकामी ठेवावी व मूळ पानें टाकूं नयेत.