गाइड मुलींची सेवा

मुलींनो, गळ्यात स्कार्फ बांधलेल्या गाइड तुम्ही पाहिल्या असतील. ही चळवळ १९१० साली इंग्लंडमध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी भारतात, जबलपूरला, पहिले पथक निघाले. त्यांतील लहान मुलींना 'बुलबुल' म्हणतात. या शब्दाचा अर्थ तुम्हांला मी काय सांगावा!

गाइडचे ब्रीद आहे 'तयार राहा'. पण कशासाठी? रोपे लावली, की सेवा झाली असे पुष्कळांना वाटते. उन्हाळ्यात त्यांना पाणी कोण घालणार, हे कोणी विचारत नाही. म्हणून आधी मोहल्ल्याची गरज पाहावी.

पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे लहान मुलांना जुलाब होतात. शरीरातील पाणी व क्षार निघून जातात आणि वेळीच उपाय न झाल्यास मूल दगावू शकते. अशा वेळी जलसंजीवनी उपयोगी पडते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. हे पाणी मुलाला थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पाजावे. आईचे दूध बंद करू नये. मूल सुस्त पडले, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

हे काम तुम्हीच चांगले कराल. परका माणूस उंबरठ्याबाहेर थांबतो. तुम्ही थेट स्वयंपाकघरात खालाजवळ जाऊन बसता. दोघी-दोघींनी जा. नुसते सांगून येऊ नका. आठवड्याने पुन्हा जा आणि खालालाच ते पाणी करून दाखवायला सांगा. चमचा सपाट भरते का, तेवढे पाहा.